लेव्हल किती ठेवायची?

टॉप लोड वॉशिंग मशीनवर सगळ्यात कमी वापरलं जाणारं बटण म्हणजे ‘वॉटर लेव्हल’. मशीन घरी येतं, बसवायला आलेला माणूस पाच मिनिटांत सगळं घडाघडा सांगून जातो आणि आपल्या लक्षात राहतात दोनच गोष्टी: ‘नॉर्मल’ आणि ‘स्टार्ट’. पुढची सहा-सात वर्षं लेव्हल किती हे मशीनच ठरवत राहतं.

ते ठरवतं कसं, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

मशीनला लिटर कळत नाहीत, फक्त उंची कळते. टबच्या तळाशी एक छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक रबरी नळी वर, बटणांच्या पॅनलपर्यंत जाते. टबमध्ये पाणी चढायला लागलं की नळीत अडकलेली हवा दाबली जाते. नळीच्या वरच्या टोकाला असलेला सेन्सर हा दाब मोजतो. ठरलेला दाब आला की पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणजे लेव्हल ३ याचा अर्थ ‘पाणी टबात इतकं उंच’, एवढाच. कपड्यांनी पाणी शोषलं आणि पातळी उतरली की मशीन परत थोडं भरतं. त्या नळीला कुठे बारीक चीर गेली, तर हवा निसटते, दाब येतच नाही आणि मशीन वेड्यासारखं पाणी भरत राहतं. ‘मशीन बंदच होत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा ही एवढीशी नळी असते.

ऑटो मोडवर मशीन पाणी घेण्याआधी खालची चकती दोन-चार झटके देऊन फिरवतं. चकतीला कपड्यांचा किती अडथळा होतो, यावरून त्याला वजनाचा अंदाज येतो. हा अंदाज कोरड्या कपड्यांवर बेतलेला असतो. तुम्ही भिजवलेले कपडे टाकून स्टार्ट दाबलं, तर त्याला वाटतं, बापरे, केवढं धुणं! आणि ते लेव्हल वाढवतं. तेव्हा कपडे आधी भिजवत असाल, तर लेव्हल हाताने ठेवा. या लेखातून एवढं एक घेतलंत तरी काही बादल्या वाचतील.

आता मी यात कशी पडले ते.

मी माणमध्ये राहते, हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून. पत्ता सांगताना आम्ही सगळे ‘पुणे’ म्हणतो, पण तालुका मुळशी. आम्ही तिघी जणी एका टूबीएचकेमध्ये आहोत. दोघी बाहेरच्या जिल्ह्यांतल्या आणि तिसरी रूममेट याच तालुक्यातली, पार पलीकडच्या टोकाची. आमच्या सोसायटीचं बोअर मार्चअखेरीस दम टाकतं आणि मग पाऊस येईपर्यंत सगळा भार टँकरवर. टँकरवाला आला की वॉचमन काका गेटवर वहीत आकडा लिहितात. महिनाअखेरीला तो आकडा मेंटेनन्समध्ये उमटतो आणि ग्रुपवर भांडणं सुरू होतात.

यंदा एप्रिलमध्ये कमिटीने ग्रुपवर दोन सूचना टाकल्या. पहिली, सगळ्यांनी मशीन सर्वांत कमी लेव्हलवरच लावायचं. दुसरी, कामवाल्या मावशींना मशीन लावू द्यायचं नाही, कारण त्या पाणी वाया घालवतात.

आमच्याकडे मशीन मावशीच लावतात. आमच्या विंगमध्ये त्यांची सहा घरं आहेत. सूचना आल्याच्या आठवड्यात त्यांतल्या दोन घरांनी धुण्याचं काम काढून घेतलं आणि प्रत्येकी पाचशे रुपये कापले. मावशी आम्हाला एवढंच म्हणाल्या, “ताई, मोजलं का कुनी?”

कुणीच मोजलं नव्हतं. मग मी मोजलं.

पद्धत अगदी गावठी आहे, तुम्हीही करू शकता. मशीनचा नळ बंद करायचा. कपडे टाकायचे, लेव्हल ठेवायची, स्टार्ट करायचं आणि झाकण उघडून बादलीने पाणी ओतायचं. झाकण लावल्यावर चकती फिरायला लागली की समजायचं, पाणी पुरेसं झालं. बादलीवर लिटरच्या खुणा हव्यात आणि हात चटचट चालायला हवा, कारण नळाला पाणी नाही हे कळलं की थोड्या वेळाने मशीन एररची शिट्टी मारतं. मी तीन शनिवार हे केलं, तिन्ही वेळा साधारण तेवढ्याच कपड्यांवर.

आमच्या मशीनवर पाच लेव्हल आहेत. लेव्हल १ ला ३० लिटर लागले. लेव्हल ३ ला ४२. लेव्हल ५ ला ५५. पण हे एकदाच भरण्याचं पाणी झालं. नॉर्मल प्रोग्रॅममध्ये टब तीनदा भरतो: एकदा धुवायला, दोनदा विसळायला. म्हणजे एका राउंडला लेव्हल १ वर ९० लिटर, लेव्हल ३ वर १२६ आणि लेव्हल ५ वर १६५. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, पण तीनने गुणायला विसरू नका.

९० आणि १६५ हे आकडे शेजारी ठेवले, तर कमिटीचं म्हणणं बरोबर वाटतं. कमी लेव्हल, कमी पाणी. पण मावशींचं मशीनकडे बघणं वेगळं आहे. मशीन सुरू झालं की त्या काचेच्या झाकणातून मिनिटभर आत बघतात. मी विचारलं, काय बघता? म्हणाल्या, “कपडा वर आला पायजे आन् परत खाली गेला पायजे. एकाच जागी बसून हललं, तर ते धुणं न्हवं.”

टॉप लोडचं सगळं इंजिनिअरिंग या दोन वाक्यांत आहे. फ्रंट लोडमध्ये ड्रम आडवा असतो. कपडे वर उचलले जातात आणि आपटतात, त्यामुळे तळाशी थोडं पाणी असलं तरी भागतं. टॉप लोडमध्ये खालची चकती पाण्याला फिरवते आणि पाणी कपड्यांना. कपडे पाण्यात मोकळे तरंगून खालीवर झाले नाहीत, तर तळातले कपडे चकतीवर घासत राहतात आणि वरचे नुसते ओले होतात. पावडर नीट विरघळत नाही. त्यात टँकरचं पाणी जड, म्हणजे फेस कमी आणि काळ्या टी-शर्टवर पांढरे पट्टे जास्त. मग माणूस काय करतो? परत विसळायला लावतो.

आता हिशोब बघा. मध्यम राउंडचे कपडे लेव्हल १ वर कोंबले आणि दोन जादा रिन्स लागले, तर ९० अधिक ६०, म्हणजे १५० लिटर. तेच कपडे लेव्हल ३ वर एकदाच नीट धुतले तर १२६. मोठ्या राउंडचे दोन भाग करून दोन्ही लेव्हल १ वर लावले, तर १८०. एकदाच लेव्हल ५ वर लावलं तर १६५. सगळ्यात कमी लेव्हल सगळ्यात कमी पाणी घेते, ती फक्त कपडे खरंच कमी असतील तेव्हा.

मग लेव्हल किती ठेवायची? कपडे आधी टाकायचे, न दाबता. पाणी भरून थांबलं की सगळे कपडे बुडालेले हवेत आणि फिरताना एखादा रंग झाकणाखाली येऊन परत गायब व्हायला हवा. येत नसेल, तर एक लेव्हल वाढवायची. कपडे पाण्यात इकडेतिकडे नुसतेच पोहत असतील, तर पुढच्या वेळी एक कमी. जीन्स आणि टॉवेल पाणी पितात, त्यांना एक लेव्हल जास्त. आणि शेवटच्या रिन्सचं पाणी बादलीत घ्यायचं, ते फरशी पुसायला आणि संडासात ओतायला चांगलं चालतं.

मशीनने ‘पाहून ठरवावं’ ही इच्छा जुनी आहे. १९६५ साली लोत्फी झादेह या गणितज्ञाने फझी सेट्सची कल्पना मांडली: गोष्टी नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’ नसतात, ‘थोडं जास्त’, ‘बऱ्यापैकी मळलेलं’ यांनाही गणितात जागा देता येते. १९९० मध्ये जपानच्या मात्सुशिता कंपनीने या तर्कावर चालणारं वॉशिंग मशीन बाजारात आणलं. त्याच्या नावातल्या जपानी शब्दाचा अर्थ साधारण ‘लाडकी बायको’ असा होतो. ‘थोडं जास्त’ आणि ‘बऱ्यापैकी’ हा तर्क शेकडो वर्षं कोणाच्या हातात होता, हे नाव ठेवणाऱ्याला नेमकं माहीत असावं. आमच्या विंगमध्ये तो तर्क सहा घरांत जातो आणि त्याचेच पाचशे रुपये कापले गेले होते.

मी आकड्यांचा एक कागद करून सोसायटीच्या मीटिंगला नेला. वाद झाला, दोन काकांनी माझ्या बादलीच्या खुणांवर शंका घेतली, एका काकूंनी “आमच्या घरी हेच होतं” असं सांगितलं. शेवटी दुसरी सूचना काढून टाकली आणि पहिलीच्या जागी ‘कपड्यांनुसार लेव्हल ठेवावी, अर्धवट मशीन लावू नये’ असं आलं. दोनपैकी एका घराने मावशींचं काम परत दिलं, दुसऱ्याने नाही. प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर बसवावा, हे मी सुचवलं होतं. ते ‘बजेट बघून’ या खात्यात गेलं. प्रत्येकाचं पाणी मोजायचं म्हटलं की मावशींवर बोलणाऱ्यांचा आवाजही जरा खाली आला होता.

हे सगळं चालू असताना माझी ती तालुक्यातली रूममेट बरंचसं गप्प होती. मग एकदा म्हणाली, “तुम्ही सगळे पाणी जातं कुठे ते मोजताय. मुळशीचं पाणी जातं कुठे ते बघायला येतेस?”

तिचं घर धरणभागात आहे. मुळशी धरणाच्या काठावरच्या गावांना तिथे असंच म्हणतात. मे महिन्यात आम्ही दोघी पिरंगुट, पौड करत ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो. हा महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त पावसाच्या पट्ट्यांपैकी एक. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. आमच्या सोसायटीपासून गाडीने दोन तासांच्या आत, त्याच तालुक्यात.

तिचं घर चढावर आहे. खाली धरणाचं पाणी दिसतं, पण मे महिन्यात ते बरंच आत गेलेलं असतं. तिच्या आजीने उघड्या पडलेल्या गाळाकडे बोट करून जुने बांध दाखवले. मला आधी दिसले नाहीत, मग एकदम रेषा दिसायला लागल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि आलं नाही तर खाली उतरायचं. उन्हाळ्यात उतरण लांबते, कारण पाणी लांब जातं.

आजीने विचारलं, “तुमचं ते मशीन किती पानी पितं गं?”

“एका वेळेला सव्वाशे लिटर, आजी.”

“म्हंजी किती हंडे?”

मी पंधरा लिटरचा हंडा धरून सांगितलं, “आठ-साडेआठ.”

आजी जरा थांबली आणि म्हणाली, “यवढ्या खेपा कोन घालनार?”

मुळशीची गोष्ट शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येते. एसबी रोडवर ऑफिस असलेल्या किती जणांना ‘सेनापती’ हे बिरुद कशावरून आलं ते माहीत असतं, कोण जाणे. ते इथून आलं. टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात धरण बांधायला घेतलं, तेव्हा पांडुरंग महादेव बापट यांच्या पुढाकाराने मुळशी पेठेतल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. ५२ गावांचा प्रश्न होता. लढा १९२४ पर्यंत चालला, बापट तुरुंगात गेले आणि धरण झालंच. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. त्या लढ्यातली एक गोष्ट मला विसरता येत नाही. जमिनीची कागदावर मालकी असलेल्या पुण्यातल्या सावकारांना नुकसानभरपाई चालणार होती. जमीन कसणाऱ्यांना जमीन हवी होती. किंमत ठरवायला बसले ते पहिले, बुडाले ते दुसरे.

हे धरण सिंचनाचं नाही. इथलं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून पश्चिमेला नेतात आणि सह्याद्रीचा कडा उतरवून रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला टर्बाइनवर सोडतात. भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. ती वीज मुंबईला, तेव्हा मुख्यतः कापडगिरण्यांना. वापरलेलं पाणी कुंडलिका नदीत जातं. तुमच्या टीमची आउटिंग कोलाडला झाली असेल, तर सकाळी पाणी सुटेपर्यंत राफ्ट घेऊन वाट बघितलेली आठवत असेल. ते भिऱ्याहून आलेलं पाणी. मुळशीतला पाऊस तुमच्या लाइफ जॅकेटवर उडाला होता. मुळा नदी तिच्या मूळ वाटेने माणच्या बाजूने पुण्याकडे येते, पण धरणाचं पाणी तिच्या वाट्याला मुख्यतः पावसाळ्यात येतं, धरण भरून विसर्ग सोडला की.

परतताना मी गाडीत एक गणित केलं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं आहे, घाबरू नका. मुळशीचा जलाशय आणि भिरा यांच्या उंचीत साधारण ५०० मीटरचा फरक आहे. आमच्या मशीनचा एक मध्यम राउंड १२६ लिटरचा. १२६ लिटर पाणी ५०० मीटर खाली पडलं, तर त्यात सुमारे ०.१७ युनिट ऊर्जा असते. टर्बाइनमध्ये आणि वाटेत थोडी गळते, हाती लागते साधारण ०.१५ युनिट. घरी येऊन मशीनला स्मार्ट प्लग लावला आणि गार पाण्यावर एक राउंड केला. आकडा आला ०.१६.

म्हणजे आमचं एक धुणं धुवायला जेवढं पाणी लागतं, तेवढंच पाणी भिऱ्याला पडलं, तर आमचं मशीन जवळपास एक राउंड चालेल एवढी वीज होते. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात निसर्गाचा नियम वगैरे काही नाही. पण त्यामुळे गोष्ट स्वच्छ दिसते. घाटमाथ्यावरचं तेच पाणी एक तर मशीन चालवेल, नाही तर मशीन भरेल. घाट उतरल्यावर ते परत वर येऊन टबात पडत नाही. मुळशीच्या पाण्याने काय करायचं, हे शंभर वर्षांपूर्वी ठरलं, आणि ते त्याच्या लिटरांवरून नाही, उंचीवरून ठरलं. मशीनसारखंच.

त्या गिरण्या आता जवळपास सगळ्या बंद आहेत. पाणी अजून पश्चिमेलाच जातं. ते पूर्वेकडे वळवा, अशी मागणी पुन्हापुन्हा होते आणि मला तिच्यातलं दुखणं कळतं. तरी ते बटण एका बोटाने फिरण्यासारखं नाही. जलविद्युत धूर न करता मिळते आणि गरज पडेल तशी चटकन कमीजास्त करता येते. शंभर वर्षांत खालच्या कुंडलिकेच्या खोऱ्यातली माणसं, शेती, रोह्याचे कारखाने त्या पाण्यावर उभे राहिले. आज ते वळवलं, तर तिथे कोणाची तरी लेव्हल आपण ठरवू आणि तीही त्यांना न विचारता. फक्त, वळवायचं की नाही याची चर्चा होते तेव्हा तीत मुंबईची वीज असते, पुण्याची तहान असते, आमच्यासारख्या सोसायट्या असतात. काठावरचे हंडे क्वचित असतात.

सरकारी मापांतही ते दिसतं. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं, असा निकष आहे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसासाठी ५५ लिटर. हे लिहितेय तेव्हा माण ही ग्रामपंचायत आहे, म्हणजे कागदावर मीही ५५ लिटरवाली आणि रूममेटची आजीही ५५ लिटरवाली. माझा एक राउंड म्हणजे आमच्यापैकी कोणाही एकीचं दोन दिवसांहून जास्तीचं पाणी. फरक एवढाच की मला कमी पडलं, तर मी फोन करून टँकर मागवू शकते. आजीला उतरावं लागतं.

आमचं मशीन आता आठवड्यातून चारदाऐवजी तीनदा लागतं, भरून, आणि बहुतेक वेळा लेव्हल ३ किंवा ४ वर. लावतात मावशीच. बटणांच्या बाजूला मी एक कागद चिकटवलाय. त्यावर आधी लिटर लिहिले होते. मुळशीहून आल्यावर तो काढून दुसरा लावला: लेव्हल १, सहा हंडे. लेव्हल ३, साडेआठ हंडे. लेव्हल ५, अकरा हंडे.